आमटीचा सातबारा

लग्न जमवताना आपल्याकडे काय काय बघतात! पत्रिका, पगार, फ्लॅटचे उरलेले हप्ते, मुलाच्या काकांचा स्वभाव, मुलीच्या मामांची जमीन बागायती की जिरायती. सगळं पाखडून, निवडून होतं, मंडप उठतो, आहेराची पाकिटं मोजून होतात आणि मग एखाद्या साध्या मंगळवारी लक्षात येतं, की मुख्य मुद्दा बैठकीत कुणी काढलाच नव्हता. आमटीत गूळ घालायचा की नाही?

“आमच्याकडे नाही घालत,” नवी सून म्हणते. आवाज अजिबात चढलेला नसतो. पण सासूबाईंच्या कानात शिरेपर्यंत त्याचा अर्थ असा होतो, की तुमच्या चार पिढ्यांनी तुरीची डाळ फुकट घालवली.

ही ‘आमच्याकडे’ नावाची जागा नकाशात सापडत नाही. समोर कोण बसलंय त्यावर तिच्या हद्दी ठरतात. समोर पंजाबी असला तर आमच्याकडे म्हणजे अख्खा महाराष्ट्र. नागपूरकर असला तर घाटावरचे चार जिल्हे. सातारकर आला की हद्द आक्रसून पुण्यापुरती होते आणि सख्खी जाऊ आली की आमच्याकडे म्हणजे माझ्या माहेरची चूल, बास. १ मे १९६० ला विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकण सगळ्यांचं मिळून महाराष्ट्र राज्य झालं, ही गोष्ट कागदोपत्री खरी आहे. त्याआधी १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरवायचंही ठरलं होतं. वरणाचं मात्र त्यात एकही कलम नाही. पुढाऱ्यांना वाटलं असेल, किरकोळ बाब आहे, लोक आपसांत मिटवतील.

ती मिटणार कशी? मुळात भांडण पावसाने लावून दिलेलं आहे. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर कोसळतो. तिथे भाताशिवाय दुसरं उभं काय राहणार? सह्याद्री ओलांडेपर्यंत ढगांनी सगळं देऊन टाकलेलं असतं. माण, आटपाडी, जतच्या पट्ट्यात ५०० मिलिमीटर पडला तरी लोक एकमेकांना फोन करून सांगतात. मग आली ज्वारी, बाजरी आणि भाकरी. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. विसरतात ते पुढचं. आणखी पूर्वेला सरकावं तसा पाऊस पुन्हा वाढतो आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत पुन्हा धानाच्या बांध्या लागतात. म्हणजे महाराष्ट्राची दोन्ही टोकं भातखाऊ आणि मधला सगळा ऐवज भाकरीचा. खरं तर सावंतवाडीकर आणि गोंदियाकर यांचं जुळायला हवं. जुळत नाही, कारण दोघांच्या मध्ये हजारेक किलोमीटर ज्वारी उभी आहे.

त्यातून एका बँकेतल्या आमच्या ओळखीच्या साहेबांची बदली सावंतवाडीहून थेट गोंदियाला झाली. (मराठी पदार्थ एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जातात ते लग्नाने किंवा बदलीने. हौसेने कुणी जात नाही.) भंडारा-गोंदिया म्हणजे मालगुजारी तलावांचा मुलूख. तलाव आहे तिथे मासा आहे, मासा आहे तिथे भात आहे. शाखेतल्या शिपायाने साहेबांना हौसेने घरी जेवायला नेलं. ताटात वाफाळता भात आणि तलावातल्या माशाचा झणझणीत रस्सा. साहेब मनापासून जेवले. दोनदा भात घेतला. हात धुऊन आले आणि बायकोला फोनवर म्हणाले, “मासो बरो हा गो. पण ह्येच्यात समुद्र खंय?”

आता आमटी. रत्नागिरीकडे तिच्यात ओलं खोबरं आणि आमसूल. पुण्यात चिंच, गूळ आणि गोडा मसाला. या मसाल्यात दगडफूल आणि नागकेशर असतं. डबा उघडला की वास देवघराच्या बाजूचा आणि तिखटपणा सुट्टीवर. सोलापुरात पोचलात की काळा मसाला आणि शेंगदाण्याचं कूट सुरू. मराठवाड्यात येसराची आमटी. येसर म्हणजे धान्यं-डाळी भाजून मसाल्याबरोबर दळलेली पूड. ती डब्यात असली की डाळ नसतानाही आमटी होते, आणि दुष्काळाशी इतका जुना संबंध असलेल्या प्रदेशाने हे शोधून काढावं यात नवल नाही. खानदेशात तर फौजदारी डाळच आहे. नावातच जामीन नाकारलेला. गंमत गुळाची आहे. मानांकनवाला, नावाजलेला गूळ कोल्हापूरचा. तो कोल्हापूरच्या रश्श्याकडे ढुंकून बघत नाही, ट्रकने पुण्याला येतो आणि पुण्याच्या आमटीत पडतो. कोल्हापूरकर हे बघतो आणि म्हणतो, आम्ही विकतो, घालत नाही.

मिसळीबद्दल लिहायचं टाळता आलं असतं तर बरं झालं असतं. आमटीवर घरं मोडत नाहीत, मिसळीवर मैत्र्या मोडतात. पुण्याच्या मिसळीत पोहे असतात, बटाट्याची भाजी असते, वर शेव-चिवडा आणि त्यावर घरात वडीलधारी माणसं झोपलेली असावीत इतक्या हलक्या हाताने रस्सा. नाशिकला काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही. आणि अलीकडे रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मळ्यात सहकुटुंब जाऊन खायचा प्रघात. मुलं झोक्यावर, आजोबा बाजेवर, मिसळ चुलीवर. कोल्हापुरात मोडाची मटकी, फरसाण आणि कट; सोबत पाव नाही, स्लाइस ब्रेड. या ब्रेडवरून पुणेकर हसतात. कोल्हापूरकरांचं म्हणणं, पाव स्वतःच फुगलेला असतो, तो कट काय पिणार? यात तथ्य आहे. मी दोन्ही बुडवून पाहिले आहेत, ब्रेड जास्त पितो.

नागपूर या भांडणात उतरतच नाही. तिथे सकाळी पोह्यांवर हरभऱ्याची तर्री पडते, वर कच्चा कांदा, आणि माणूस घाम पुसत कचेरीत जातो. पुण्याचे पोहे नागपूरकराला दाखवले, ते ओलं खोबरं, ती कोथिंबीर, ती लिंबाची फोड, तर तो अदबीने विचारतो, “आणि तर्री मागून येते का जी?”

कोल्हापूरच्या एका मिसळीच्या दुकानात पाहिलेला प्रसंग सांगण्यासारखा आहे. दुकान बोळकांडीएवढं. मालक कढईपाशी उभा, हातात लांब दांड्याचा डाव. वरचा लाल तवंग नुसता गोळा करून बशीत सोडण्याची त्याची एक लकब होती. डाव बुडवायचाच नाही, कढईवर आडवा धरून अलगद सरकवायचा. समोर एक पुण्याचे काका आपल्या बशीतला तो तवंग चमच्याने वेचून रिकाम्या वाटीत काढत होते. फार निगुतीने. दुकानातलं बोलणं हळूहळू थांबलं. शेजारच्या गल्लीतला वाटावा असा एक पैलवान गडी बराच वेळ बघत राहिला आणि न राहवून म्हणाला, “पावणं, कट काढल्यावर ऱ्हातंय काय? मटकी काय, घरातबी असत्या.” काकांनी चमचा ठेवला. मग त्या गड्याने ती वाटी आपल्याकडे ओढली, ब्रेड बुडवला आणि विषय संपवला.

२०१५ साली लंडनमधल्या ‘फूडी हब’च्या पुरस्कारांत दादरच्या ‘आस्वाद’ची मिसळ जगातला सगळ्यात चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली. मराठी माणसाला एरवी लंडनचं केवढं कौतुक! पण त्या आठवड्यात कोल्हापूर, नाशिक, पुणे, ठाणे इथल्या ज्या ज्या माणसाशी मी बोललो, त्याचं एकच म्हणणं होतं: परीक्षकांना आमच्याकडची मिळाली नसणार.

सरकारनेही या भांडणात तेल ओतलेलंच आहे. भौगोलिक मानांकन नावाची सोय झाल्यापासून वांग्याला, मिरचीला, ज्वारीला कायदेशीर माहेर मिळालं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये मानांकन मिळालं, मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही त्याच वर्षी. हळद म्हणाल तर वर्ध्याकडच्या वायगावची वेगळी नोंदवलेली आणि सांगलीची वेगळी. तरी आपण बरे. बंगालने २०१७ मध्ये आपल्या रसगुल्ल्याला मानांकन मिळवलं, तर ओडिशाने २०१९ मध्ये आपल्या रसगुल्ल्याला वेगळं मिळवून दाखवलं. आपल्याकडे भरिताचं असं करायचं ठरवलं तर कागद पुरणार नाही. जळगावकडे हिवाळ्यात ती हिरवट, टपोरी वांगी शेतात कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजतात, लाकडी भांड्यात मिरची-लसणाबरोबर ठेचतात, मुठीमुठीने कांद्याची पात घालतात आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खातात. ते खाऊन आलेल्या माणसाला पुण्यात दह्यातलं भरीत वाढलं की तो वाटी हातात घेऊन विचारतो, “कोशिंबीर छान झालीय. भरीत कुठंय?”

पण पदार्थ हा भांडणाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा वाढण्यात आहे.

आमच्या नात्यातल्या एका मुलाचं लग्न जळगावकडे ठरलं. वऱ्हाड पुण्याचं. पुण्याकडच्या जुन्या पंगतीचा क्रम ज्यांच्या अंगात मुरलाय, त्यांना पान वाढलेलं पाहिलं की घड्याळ बघितल्यासारखं वाटतं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये वरणभाताची मूद, तिच्यावर तुपाची धार, मग पोळी किंवा पुरी, मग मसालेभात, जिलबी-मठ्ठा आणि शेवटी ताकभात. भातात सुरू, भातात अखेर. तर ही मंडळी भारतीय बैठकीवर ओळीने बसली. पत्रावळीवर आधी वांग्याची घोटलेली भाजी आली. मग एक तरुण आला, त्याने प्रत्येकाच्या पुढ्यात तळलेल्या, तांबूस, खडबडीत बट्ट्या टाकल्या. पुण्याकडची मंडळी वाट बघत बसली.

“भात कधी येतो?” एका मावशींनी हळूच विचारलं.

“बट्टी कुस्करा ना मावशी,” वाढपी म्हणाला.

“ती कुस्करायची? मग पोळी?”

“हेच सर्व आहे. पोळीबी हीच न् भातबी हाच.”

मावशींनी बट्टी कुस्करायला घेतली. जाडसर दळलेल्या गव्हा-मक्याची, ओव्याच्या वासाची बट्टी. तिचा चुरा होईस्तोवर दुसरा गडी बादली घेऊन हजर. त्यात तुरीचं दाट वरण. त्याने डावाने वाढलं नाही, ओतलं. त्याच्या मागून तुपाची किटली. खरं सांगतो, पहिल्या घासाला आमच्या सगळ्या ओळीचं बोलणं बंद पडलं. असं जेवण असतं आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही, असा एक भाव प्रत्येक चेहऱ्यावर होता. अडचण दुसऱ्या फेरीला आली. मावशींनी दोन्ही तळवे पत्रावळीवर आडवे धरले. पुण्यात याला अंतिम निकाल समजतात, अपील नाही. इथे तो गडी थबकलासुद्धा नाही. “घ्या ना मावशी, लाजता काय,” म्हणत त्याने बोटांच्या मधल्या फटीतून बट्टी आत सारली, वरण ओतलं आणि तूप त्यांच्या हातांच्या पाठीवरून खाली गेलं. वऱ्हाड परतताना गाडीत मावशी म्हणाल्या, “हातांना कधी नव्हे ते मऊ वाटतंय.”

नकाराचे असे प्रांतवार नियम कुणीतरी लिहून ठेवायला हवेत. कोल्हापूरकडे ‘नको’ हा शब्द रश्श्याच्या बाबतीत ऐकूच जात नाही. तांबडा संपला की तांबडा, पांढरा संपला की पांढरा, वाटी रिकामी दिसली तर ती खानावळीची बेअब्रू. “घ्या की पावणं, रस्सा हाय, इष नव्हं,” म्हणून वर ऐकवतील. विदर्भात पहिला नकार हा सभ्यपणा धरला जातो, दुसरा संकोच, आणि तिसऱ्याला यजमानाचा चेहरा पडतो. “काहून जी, जमलं नाही का आज?” पुढे त्या घरात तुमचं नाव ‘ते न जेवलेले पाहुणे’ म्हणून राहतं. तिथली पुरणाची पोळी आणि तूप यांचं प्रमाण बघता पहिल्यांदाच हो म्हणणं प्रकृतीला जास्त बरं, कारण नकारांनंतर येणारी पोळी ही दंडासकट येते. सोलापूर-मराठवाड्यात आग्रह बोलून करत नाहीत. हुरड्याच्या शेतात बसलात की समोरचा माणूस आगटीतून कणसं काढतो, तळहातावर चोळतो, फुंकर मारून भूस उडवतो आणि गरम दाणे तुमच्या हातात ठेवतो. शेंगदाण्याची चटणी आणि गूळ शेजारी असतोच. तुम्ही बोलायला तोंड उघडेपर्यंत पुढची मूठ तयार. नको म्हणायला तोंड रिकामं लागतं.

कोकणातली तऱ्हा वेगळी. तिथे आग्रहाची सुरुवात बदनामीने होते. “काय नाय हो, साधाच जेवाण. तुमका काय आवडतला?” असं म्हणत घरधनी तुम्हाला इतकं खाली आणतो, की तुम्ही पेज-लोणच्याची तयारी करता. मग त्या साध्या जेवणात काळ्या वाटाण्याची उसळ येते, वडे येतात, तिरफळं घातलेला बांगडा येतो, तळलेली सुरमई येते, सोलकढी येते, आणि तोवर आतून आवाज येतो, “त्येंका म्हणा, आज बाजारात काय गावाक नाय.” याच किनाऱ्यावर थोडं खाली गोव्यात गेलात तर तिथे हुमण आणि शीत पुढ्यात ठेवून यजमान स्वतःच जेवायला बसतो. आग्रह वगैरे नाही. मासा समोर असताना बोलत बसणं हा त्याला माशाचा अपमान वाटतो. सकाळ-संध्याकाळ पोदेर सायकलचा भोंगा वाजवत उंडे आणि पोळ्या घेऊन दारावर येतो. तो पाव कालचा चालत नाही, आणि मुंबईचा तर नाहीच नाही. मालवण आणि गोवा यांचं आपसांत कढीवरून पटत नाही, पण मुंबईतल्या हॉटेलात दोघांच्या नावाने जे मिळतं ते दोघांचंही नाही, यावर एकमत आहे.

राहता राहिलं पुणं. विचारलं, “पोळी वाढू का?” पाहुणा म्हणाला, “नको.” यजमानीणबाई डबा घेऊन परत गेल्या. एवढ्याशा गोष्टीवर उभ्या महाराष्ट्राने शंभरेक वर्षं विनोद केले आहेत. माझं मत विचाराल तर यात माणसाला मान दिलेला असतो. मोठ्या माणसाने नको म्हटलं म्हणजे नको, त्याच्या पोटाचा हिशेब त्याला कळतो, हे गृहीत धरणारं हे एकच गाव आहे. बाकी सगळीकडे पाहुणा अज्ञान समजून वाढतात. आता, डबा परत जाताना थोडा लगबगीने जातो, हे मीही पाहिलेलं आहे. त्याचा खुलासा माझ्याकडे नाही.

आणि उपास? वाटेल की निदान न खाण्यात तरी एकी असेल. छे! आषाढीला आमच्या इमारतीत सगळ्यांचे उपास असतात आणि दुपारी बाराच्या सुमाराला जिन्यात धर्मसभा भरते. एका घरात जिरं चालतं, दुसऱ्यात चालत नाही. एकीकडे खिचडीवर कोथिंबीर, समोरच्या दारात कोथिंबीर दिसली तर उपास मोडला. भेंडी कुणाकडे चालते. काकडी बहुतेकांकडे चालते. शेंगदाण्याचं तेल चालतं की फक्त तूप, यावर माहेर आणि सासर यांची वेगळी मतं. वरी म्हणा की भगर, ती चालते. पण तिच्याबरोबरच्या आमटीत लाल तिखट की हिरवी मिरची, इथे पुन्हा जिल्हे मोजावे लागतात. हळद मात्र बहुधा कुणाकडेच चालत नाही, का ते कुणी विचारत नाही.

चालतं काय, ते बघा. साबुदाणा होतो कसावाच्या कंदापासून. कसावा दक्षिण अमेरिकेतला, साबुदाण्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमकडे. बटाटा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. रताळं तिकडचं, मिरची तिकडची, राजगिराही त्याच गोलार्धातला. बहुतेक मंडळी पोर्तुगिजांच्या राजवटीत बोटीतून उतरली. फळ म्हणून पेरू चिरलात तर तोही तिकडचाच. आणि ज्या गव्हाने, तुरीने, हरभऱ्याने या मातीत हजारो वर्षं काढली, त्यांना एकादशीला उंबऱ्याच्या बाहेर उभं केलेलं. विठ्ठल अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे. कमरेवर हात ठेवून तो नेमकं काय बघतोय, याचा अंदाज मला साबुदाणावडा खाताना येतो.

महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी माणसाचं ‘आमच्याकडे’ तर फारच कठीण होऊन बसतं. बडोद्यात गायकवाडांच्या वेळेपासूनची मराठी वस्ती. तिथली शेव-उसळ बघितली की मिसळीचं रक्त ओळखू येतं, पण बडोदेकर ती मिसळीची नातलग आहे हे मान्य करत नाही आणि कोल्हापूरकर तिला नात्यात घेत नाही. इंदूरच्या मराठी घरांत पोह्यांवर शेव आणि जिरावण पडतं, सोबत जिलबी. पुण्याच्या आत्याबाई तिथे गेल्या की आधी जिलबी बाजूला काढून ठेवतात, जेवणात लागेल म्हणून.

अशा परिस्थितीत लग्नाचा बेत ठरवायचा असतो. मुलगा रत्नागिरीचा, मुलगी नागपूरची, कार्यालय पुण्याचं, आचारी बीडकडचा, मुलीची आजी यवतमाळची, मुलाचे मामा इस्लामपूरचे. मुलाकडचे म्हणतात, उकडीचे मोदक ठेवा. मुलीकडचे म्हणतात, वडाभात ठेवा, त्यावर तेलाची फोडणी द्यायला आमचा माणूस येईल. मामा म्हणतात, अख्खा मसूर. पुण्याच्या कार्यालयाचे व्यवस्थापक अळूची भाजी सुचवतात. यवतमाळच्या आजी अळूच्या भाजीबद्दल जे बोलतात ते इथे छापता येणार नाही. आमटीचा विषय निघतो आणि दोन्हीकडचे पुरुष पाणी प्यायला बाहेर जातात. मग आचारी वही काढतो आणि थकलेल्या आवाजात म्हणतो, “मग नेहमीचंच लिहू का?”

नेहमीचंच म्हणजे पनीर बटर मसाला, जिरा राइस, दाल फ्राय, नान आणि गुलाबजाम. सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत आज कुठल्याही कार्यालयात जा, हेच मिळेल. लोक याला पंजाबी आक्रमण म्हणतात, मराठी संस्कृती बुडाली म्हणून लेख लिहितात. तसं काही नाही. हा युद्धविराम आहे. पनीर दोन्ही बाजूंपैकी कुणाच्याच आईने घरी केलेलं नसतं, त्यामुळे त्यात गूळ असावा की नसावा यावर कुणाला काही म्हणता येत नाही. सगळे निमूट रांगेत उभे राहतात, ताटं भरतात, खुर्च्या शोधतात.

त्यातही गावाचं नाव कुठेतरी असावं म्हणून आचारी एक भाजी जादा लावतो: व्हेज कोल्हापुरी. लालभडक रस्सा, त्यात फ्लॉवर, गाजर, मटार आणि फरसबी. महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या हॉटेलांत ती मिळते, आता कोल्हापुरातल्या हॉटेलांतही मिळते. परवा तिथे शेजारच्या टेबलावर एका आजोबांना नातवाने ती मागवून दिली. आजोबांनी एक घास खाल्ला, गाजराचा तुकडा चमच्यावर धरून नीट पाहिला आणि वेटरला विचारलं, “कुठली म्हणायची ही?”